पाठराखिणीची साडी

सुरुचीला या सगळ्यातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवलेलं बरं. एकदा डोळ्यांना पदर लागला की लोक ही बाजू विसरतात आणि बाई बिचारी ठरून मोकळी होते. सुरुची बिचारी नव्हती. तिने व्यवहार केला होता, आणि मांडताना जमेची बाजू चांगली भरलेली दिसत होती.

जमेला पहिला गेविन. भाईंदरपलीकडच्या उत्तन कोळीवाड्याचा, तिच्याहून थोडा लहान, हसताना मान खाली घालणारा. दुसरं, हॉलंडमधली नोकरी, आज त्याची आणि उद्या दोघांची. तिसरं, भाईंदर पश्चिमेच्या त्या दोन खोल्यांतून सुटका, जिथे आलेली प्रत्येक आत्या चहाचा कप हातात घेण्याआधी ‘मग हिचं काय?’ असं विचारायची, आणि सुरुची समोर बसलेली असली तरी भिंतीला विचारल्यासारखं विचारायची. आणि चौथी, गेविनची आई गर्ट्रूड. सासूला जमेच्या बाजूला मांडणारी मुलगी अख्ख्या मिरा-भाईंदरात शोधून सापडायची नाही. सुरुचीने मांडली होती.

खर्चाला एकच: थोडी वाट बघणं. त्याचं तिला काही वाटत नव्हतं, कारण तिचं कामच वाट बघण्याचं होतं.

भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणाऱ्या गाळ्यांची रांग आहे. तिथल्या एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर मृणालिनी मॅडमची छोटीशी लॅब होती. खाली दिवसभर डब्यांची झाकणं ठोकली जात, वर बॅक्टेरिया वाढवले जात. दोन्हीकडचे कामगार चहाला एकाच टपरीवर भेटत आणि एकमेकांना वेडे समजत. मॅडमना विंचवाच्या विषावर औषध करायचं होतं. जुन्या रीतीने ते घोड्याला विष टोचून त्याच्या रक्तातून काढतात. मॅडमना घोडा नको होता. विषाला घट्ट धरून ठेवणारा प्रोटीनचा एक तुकडा त्यांनी निवडला होता, त्याचा जीन बॅक्टेरियात घालायचा आणि बॅक्टेरियाकडून तो तुकडा करून घ्यायचा, असा बेत. सुरुची तिथे सगळ्यांत जुनी. तिला या कामाची ओढ लागायला घरातच कारण होतं: तिचे वडील काशीनाथ लहानपणी रत्नागिरीकडे विंचू चावून मरता मरता वाचले होते आणि आता भाईंदरच्या तिसऱ्या मजल्यावरही पाय घालण्याआधी चप्पल झटकायचे. विंचू लिफ्टने येतो, असं सुरुची त्यांना चिडवायची.

बॅक्टेरिया प्रोटीन बनवत होते, अगदी खंडीभर. पण बनलेलं सगळं त्यांच्या पोटात गोळा होऊन बसायचं, आणि ते कुठल्याच कामाचं नसायचं. पैसे लावायला आलेल्या पाहुण्यांना हे समजावून सांगणं सुरुचीकडे असे. पाहुणे मराठी असले की ती फळ्याकडे पाठ करायची आणि कोकणातलं घर सांगायला बसायची.

प्रोटीन म्हणजे एक लांब धागा, ती सांगायची. त्याची घडी बरोबर बसली तर ते प्रोटीन, नाहीतर गुंता. आपल्या या धाग्याची घडी टिकायला मध्ये दोन-तीन टाके घालावे लागतात, आणि बॅक्टेरियाच्या माजघरात टाके घालणारं कोणी नाही. टाके घालणारे बसतात पडवीत. या बॅक्टेरियाला दोन भिंती असतात, त्यांच्या मधली जागा ती पडवी. म्हणजे धागा माजघरातून पडवीत गेला पाहिजे. पण दार अरुंद, आणि कोणालाही सोडत नाही. मग धाग्याच्या पुढच्या टोकाला एक छोटा तुकडा जोडून द्यायचा. दार त्या तुकड्याला ओळखतं. तो पुढे, धागा मागे, असे दोघं दारापर्यंत जातात. पुस्तकात त्याला सिग्नल पेप्टाइड म्हणतात.

“आपल्याकडे पाठराखीण म्हणतात,” सुरुची म्हणायची, आणि पाहुणे हसायचे. नवरी सासरी निघाली की तिच्या सोबतीला जाते ती पाठराखीण. घरातलीच एखादी बहीण, नाहीतर मावशी. नवरी बुजू नये म्हणून.

हा शब्द लॅबमध्ये असा रुजला की फ्रीजमधल्या नळ्यांवरही ‘पाठराखीण १’, ‘पाठराखीण २’ अशी नावं आली. नवीन आलेल्या गेविनला मात्र तो माहीत नव्हता. उत्तनच्या चर्चमध्ये लग्नं लागलेल्या घरातला मुलगा, त्याच्याकडे रीत वेगळी. पाहुणे गेल्यावर त्याने विचारलं,

“मॅडम, ही पाठराखीण परत कधी येते?”

“माणसांतली चार दिवसांनी येते. सासरचे तिला साडी देतात आणि पाठवून देतात.”

“आणि इथली?”

“इथली परत येत नाही. धागा पडवीत उतरला की दारातच तिला कापतात. दाराला एक कात्री बसवलेलीच असते.”

“मग तिचं काय होतं?”

“बारीक तुकडे. घरातलेच खाऊन टाकतात.” सुरुचीने हातमोजे काढले. “आणि बाहेर आलेल्या प्रोटीनवर तिचं एक अक्षर शिल्लक राहत नाही. राहिलं तर आपण त्याला नापास करतो.”

गेविन मान खाली घालून हसला. “लय खराब हाय,” तो म्हणाला. आणि सुरुचीच्या लक्षात आलं की या मुलाला मनापासून काही वाटलं की त्याच्या तोंडातून गावची भाषा येते. एरवी तो लॅबची मराठी बोलायचा, अर्धी हिंदी, अर्धी इंग्रजी, कोणालाही न दुखवणारी. ही खूण तिने ध्यानात ठेवली. बायका अशा खुणा उगाच ठेवत नाहीत.

पाठराखीण एक नापास झाली, दोनही झाली. सुरुचीने सगळं उलटंपालटं करून पाहिलं आणि शेवटी दोष कशात आहे ते तिला उमगलं. या पाठराखिणी उशिरा निघत होत्या. धागा पुरता विणून व्हायचा, मग त्या त्याला घेऊन दाराकडे जायच्या. तोवर माजघरातच त्याची कशीबशी घडी बसलेली असायची. दारातून सरळ धागाच जातो, घडी जात नाही. ती गेविनला म्हणाली, “एकदा घडी बसली ना, की मग कोणी कितीही हात धरून ओढलं तरी दारातून जात नाही. बसायच्या आधी निघालं पाहिजे.” मग तिने दुसऱ्या जातीची पाठराखीण आणली, धागा विणला जात असतानाच त्याचा हात धरणारी. बॅक्टेरियाही थंडीत, हळूहळू वाढवले.

काम झालं ते कळतं एका पट्टीवरून. प्रोटीन जेलच्या, म्हणजे खळीसारख्या थिजलेल्या थरातून पळवतात, निळ्या रंगात त्याची पट्टी दिसते. हलकं झालेलं प्रोटीन जास्त खाली उतरतं. म्हणजे पट्टी जराशी खाली आली, तर समजायचं की पाठराखीण कापली गेली आणि नवरी पोचली. त्या दिवशी पट्टी खाली आली होती. गेविन जेलचा ट्रे हातात घेऊन दिव्यासमोर उभा होता, आणि आजवर ‘मॅडम, तुम्ही’ म्हणणारा तो मुलगा सगळ्यांसमोर ओरडला, “सुरुची, तू बघितलंस? कापली गेली!”

खालच्या गाळ्यात झाकणं ठोकणंही क्षणभर थांबलं असावं. मृणालिनी मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. ‘तू’ एकदा आलं ते मग राहिलं.

पुढचं सगळं भाईंदरला आधीच ठाऊक होतं, ह्या दोघांनाच काय ते उशिरा कळलं. सुट्टीच्या दिवशी दोघं उत्तनच्या बसमध्ये बसायची आणि मुर्ध्याला मध्येच उतरायची. तिथे खाडीच्या अंगाला जुनी मिठागरं आहेत. मीठ काढणं केव्हाच थांबलंय, बांध तेवढे उरलेत आणि त्यांच्या पलीकडे नव्या इमारतींचे सांगाडे. प्रेमात पडलेल्यांना बसायला याहून भिकार जागा नाही, पण तिथे भाईंदर पश्चिमेचं कोणी येत नसे, हा तिचा मोठा गुण.

काशीनाथांना धर्माची अडचण होईल असं सुरुचीला वाटलं होतं. अडचण झाली, पण भलतीच. गेविनची आई म्हणजे बाजारात सुके बोंबील घेऊन बसणारी गर्ट्रूड, हे कळल्यावर ते हादरले. कित्येक वर्षं ते तिच्याशी भावावरून भांडत आले होते आणि एकदा तर रागाने टोपलीतला बोंबील परत फेकला होता. “आता त्या बाईला मी विहीणबाई म्हणू?” ते म्हणाले. गर्ट्रूडने निरोप पाठवला की व्याह्यांना भाव तोच राहील. एवढ्यावर दोन्ही घरांची बोलणी झाली म्हणायची.

मग हॉलंडहून पत्र आलं. सुरुचीचे जुने सर तिथे होते. त्यांना याच कामाला माणूस हवा होता, एकच, आणि त्यांनी लिहिलं होतं सुरुचीला. तिने उत्तरात नाव दिलं गेविनचं.

मृणालिनी मॅडमनी तिला खोलीत बोलावून घेतलं आणि सरळ विचारलं, की स्वतःचं नाव का नाही दिलंस. सुरुचीने हिशोब मांडला. ती आधी गेली तर गेविन मागून निघणार नाही. त्याची आई, बापाची राहिलेली जाळी, चर्चचा क्वायर, उत्तनची पोरं, यांत तो वर्षभरात असा बसेल की मग हलणार नाही. तो आधी गेला तर मात्र ती मागून जाणारच, कारण तिला स्वतःची खात्री आहे. तो जाऊन बस्तान बसवेल, पुढच्या नाताळला येईल, लग्न होईल, ती जाईल. तीनेक वर्षांनी दोघं परत.

“त्याची इथे घडी बसायच्या आत त्याला काढायला पाहिजे, मॅडम.”

मॅडम म्हणाल्या, “तू जीनचा हिशोब चांगला करतेस.” त्यांना पुढेही काही म्हणायचं होतं. पण सुरुची गेली नाही तर ती लॅबमध्ये राहते, हेही त्यांना दिसत होतं, आणि मालकीणबाईंनी तिथेच तोंड मिटलं.

खरी गाठ गर्ट्रूडकडे होती. नवरा दर्यात गेलेला, एकच पोरगा. गेविनने विचारायचं टाळलं आणि शेवटी सुरुचीच उत्तनला गेली. गर्ट्रूड अंगणात काठ्यांवर बोंबील टांगत होती. सगळं ऐकेपर्यंत तिचा हात थांबला नाही. मग तिने विचारलं, “परत येल?”

“मी घेऊन येईन,” सुरुची म्हणाली. “माझा शब्द.”

गर्ट्रूडने तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ, मासळी घेताना गिऱ्हाईक मासळीकडे पाहतं तसं. “तू बोलते तं जाऊं दे,” ती म्हणाली.

विमानतळावर काचेच्या दारापर्यंत सुरुची त्याच्यासोबत गेली. त्याची मोठी बॅग तिच्याच हातात होती, कारण तो शेवटच्या क्षणी बुजला होता आणि दोन्ही हातांनी पासपोर्ट धरून चालत होता. दाराशी शिपायाने त्याचं तिकीट पाहिलं, चेहरा पाहिला, आणि मग तिच्याकडे पाहून हात आडवा केला. बॅग तिच्या हातातून त्याच्या हातात गेली. गेविन आत गेला आणि वळून म्हणाला, “सांभाळ गो.” गावच्या बोलीत. सुरुचीला तेवढं पुरलं. परतीच्या रिक्षात ती खुशीत होती, हे नमूद केलं पाहिजे.

गर्ट्रूड विमानतळावर आली नव्हती. घरच्या पायरीवर बसून होती. सुरुची तिला सांगायला गेली तेव्हा ती आत गेली, पेटी उघडली, आणि लाल रेशमी साडी आणून तिच्या हातात ठेवली. सुनेसाठी घेतलेली. गेविन लहान होता तेव्हाच घेतली होती, नवऱ्याच्या शेवटच्या चांगल्या हंगामात. पाहुण्यांना दाखवायलाही कधी उलगडली नव्हती.

घरी काशीनाथांनी साडी पाहिली. चप्पल झटकावी तशी त्यांनी मान झटकली.

“आजच दिली?”

“हो. सुनेसाठी ठेवली होती म्हणाल्या.”

“पोचवून परत आलेल्या बाईच्या हातात साडी ठेवतात, ती कोण असते, माहीत आहे ना तुला?”

सुरुची हसली. “अप्पा, त्यांच्यात नाही तसं काही.”

“त्यांच्यात नसेल,” काशीनाथ म्हणाले, आणि विषय तिथेच सोडला. साडी कपाटात गेली. घडी लग्नातच मोडायची, असं सुरुचीने ठरवून टाकलं.

ते वर्ष चांगलं गेलं. अशी वर्षं चांगलीच जातात. गेविन रोज फोन करायचा, मग दिवसाआड, मग रविवारी. सुरुची दर आठवड्याला उत्तनला जायची, गर्ट्रूडच्या गुडघ्याला तेल लावायची, तिच्या फोनवर गेविनचे फोटो मोठे करून दाखवायची. बाजारात काशीनाथ आता भाव करत नसत आणि गर्ट्रूडला त्याचा राग यायचा. एकदा गेविनचं तिथलं भाषण सुरुचीने कॉम्प्युटरवर पाहिलं. भाईंदरच्याच प्रोटीनवर होतं. तो छान बोलला, ठासून, मान वर ठेवून. सिग्नल पेप्टाइड म्हणजे काय ते त्याने पोस्टाच्या तिकिटाची उपमा देऊन सांगितलं: पत्र पोचलं की तिकिटाचं काम संपलं. तिथल्या लोकांना पाठराखीण कुठून कळणार? सुरुचीने त्याला लिहिलं, उपमा चांगली आहे. आभाराच्या पानावर लॅबचं नाव होतं. तिचं नव्हतं. लॅब म्हणजे मीच की, असं तिने स्वतःला समजावलं आणि तिला ते पटलंसुद्धा.

नाताळला तो आला. पहिले काही दिवस चर्च आणि नातेवाइकांत गेले. मग त्याने तिला मुर्ध्याला बोलावलं. तो आधीच येऊन बांधावर उभा होता, बसला नव्हता. पँट पांढरी होती.

त्याने बऱ्याच गोष्टी सांगितल्या. सरांनी त्याला पुढे ठेवून घेतलंय, कायमचं. काम आवडतंय. तिथे सकाळी उठल्यावर आपण कोणाचे कोण हे कोणाला माहीत नसतं, ते आवडतंय. हे सगळं तो लॅबच्या मराठीत बोलत होता. सुरुची ऐकत राहिली आणि मग तिने सरळच विचारलं, “कोणी आहे का तिकडे?”

“न्हाय.”

म्हणजे खरंच नव्हतं. सुरुचीला क्षणभर हायसं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी कळलं की असती तर बरं झालं असतं. माणसाशी भांडता येतं.

“मग?”

गेविनने पलीकडच्या सांगाड्यांकडे पाहिलं. “तुम्ही हे सगळं सोडून तिकडे येणार, दुसऱ्याच्या हाताखाली पहिल्यापासून सुरू करणार, अप्पांना इथे एकटं ठेवणार. नाही जमणार. तुमची इथे घडी बसलीये. तुम्हीच शिकवलंत ना, एकदा घडी बसली की कोणी कितीही ओढलं तरी दारातून जात नाही.”

दोन सुया एकदम टोचल्या की माणूस आधी लहानीवर हात ठेवतो. सुरुची म्हणाली, “‘तुम्ही’ कधीपासून झाले मी?”

“काय?”

त्याला कळलंच नव्हतं. जीभ आपली आपण परत गेली होती. मुद्दाम म्हणाला असता तर तिला त्याची चीड तरी आली असती.

“काही नाही,” ती म्हणाली. “आईला सांगितलंस? परत येणार नाहीस ते?”

गेविनने मान खाली घातली. हसायचा तशीच, पण हसला नाही. “तुम्ही सांगाल का? तुमचं ऐकते ती.”

आता हिशोबी बाईने इथे नाही म्हणायला हवं होतं. सुरुची हो म्हणाली. उत्तनची बस आली, तो चढला. ती उलट्या बाजूच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली, आणि एक बस सोडली, कारण तिला रडताना तिकीट काढायचं नव्हतं.

काशीनाथांना तिने जेवताना सांगितलं. त्यांनी ताटातला घास तसाच ठेवला, तिच्या ताटात आमटी वाढली, आणि साडीबद्दल एक शब्द काढला नाही. ‘मी म्हटलं नव्हतं?’ हे वाक्य आयुष्यभर हाताशी ठेवणाऱ्या माणसाने त्या दिवशी ते गिळलं. त्यांच्या नावावर एवढं जमा करायला हवं.

गेविन परत गेल्यावर सुरुची साडी पिशवीत घालून उत्तनला गेली. दारावरचा नाताळचा तारा अजून काढलेला नव्हता. गर्ट्रूडने चहा टाकला आणि दोघी पडवीत बसल्या. सुरुचीने कप हातात घेतला आणि वाक्य जुळवू लागली. मुर्ध्यापासून जुळवत आली होती.

“नको बोलू, बाय,” गर्ट्रूड म्हणाली. “मना ठाव हाय.”

“त्याने सांगितलं?”

“त्यानं कई सांगितलंय? भितीवरचा बापाचा फोटू नेला.” तिने भिंतीकडे पाहिलं नाही. तिथे चौकोनी पांढुरका डाग होता. “परत यायचं असतं तं फोटू कोन नेतं?”

सुरुचीने कप खाली ठेवला. “मी तुम्हाला शब्द दिला होता.”

“हां. तू दिला होता,” गर्ट्रूड म्हणाली. तिच्या आवाजात ठपका नव्हता, बाजारात सुटे मोजून परत द्यावेत तसं ती बोलत होती. “त्यानं मागलं असतं तं मी न्हाय बोलली असती. मी त्याला कुठं हो बोलली? मी तुला हो बोलली.”

सुरुचीने पिशवीतून साडी काढून दोघींच्या मध्ये ठेवली. गर्ट्रूडने कागद बाजूला केला, कडेवरून बोट फिरवलं.

“घडी पन न्हाय मोडली तू.”

“लग्नात मोडणार होते.”

“सुनेचं हाय. मी परत घेनार न्हाय. नेस, न्हायतर कोनाला दे.” आणि जणू तेवढं तरी आपल्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून तिने साडी उचलली, झटकली आणि सुरुचीच्या खांद्यावर टाकायला उलगडली.

रेशीम घडीवर फाटलं. झटक्याने नाही. ते आधीच विरलेलं होतं, प्रत्येक घडीच्या रेषेवर, एकसारखं. पेटीत आणि मग कपाटात, एकाच घडीत इतकी वर्षं. मधला भाग लालभडक, नवा, आणि रेषेरेषेला उजेड दिसत होता. दोघी बायका पडवीत उभ्या राहून त्या उजेडाकडे पाहत राहिल्या.

“कदीमदी उलगडायला पाहिजे होतं,” गर्ट्रूड हळूच म्हणाली. “बदलून ठेवायला पाहिजे होतं. मी जपली.”

मग ती खाली बसली आणि पहिल्यांदा रडली. पोरगा गेला तेव्हा नाही, फोटो गेला तेव्हा नाही. सुरुची तिच्या शेजारी बसली. साडी दोघींच्या मांडीवर होती. त्या दिवशी सुरुचीनेच बोंबील आत घेतले.

आता हिशोब. औषध जमलं. विष टोचलेले उंदीर जगले, मॅडमच्या लॅबमध्ये पाहुणे वाढले, आणि पुढेमागे रायगड-रत्नागिरीकडचं एखादं पोर त्याने वाचेल. त्या प्रोटीनवर पाठराखिणीचं एक अक्षरही शिल्लक नाही. तपासून खात्री केलेली आहे. गेविनच्या नावावर काहीच निघत नाही. तो वाईट नव्हता, दारातून गेला होता एवढंच. काशीनाथांना मुलगी राहिली, म्हणजे खरा नफा त्यांचा. पण नफा झालेल्या माणसाचा चेहरा त्यांनी एकदाही केला नाही, आणि बाजारात ते पुन्हा भाव करू लागले, कारण गर्ट्रूडला तेवढंच बरं वाटतं. सुरुचीने भरलं, भरपूर भरलं, पण व्यवहार तिचा होता, मांडणीही तिची. बाकी सगळं गर्ट्रूडने भरलं, आणि तिने तर कुठलाच व्यवहार केला नव्हता. तिने फक्त एका मुलीच्या तोंडाकडे पाहून हो म्हटलं होतं.